सिंहासनावरची गाठ

धाराशिव शहराजवळच्या डोंगरात कोरलेल्या लेण्यांकडे जाणारी वाट वाशीम जिल्ह्यातील कारंजा या गावातून निघते, असे कोणी म्हटले तर नकाशा जाणणारा मनुष्य हसेल. या दोन ठिकाणांच्या मध्ये मराठवाड्याचा मोठा पट्टा पसरलेला आहे. बोली वेगळी, नद्यांची खोरी वेगळी. पूर्वी राज्येही वेगळी होती. कारंजा वऱ्हाडात, तर धाराशिव निजामाच्या मुलखात. तरीही हे विधान खोटे नाही. १९३४ साली कारंज्याहून एक प्राचीन काव्य छापून प्रसिद्ध झाले. तेर नगरीजवळच्या डोंगरात एक लेणे आहे, त्यात पार्श्वनाथांची प्रतिमा आहे आणि तेथे पाण्याचा एक विलक्षण प्रसंग घडला, असे त्या काव्यात सांगितले होते. संपादकांनी हे वर्णन धाराशिवच्या लेण्यांशी ताडून पाहिले आणि ओसाड पडलेल्या डोंगराला त्याची हरवलेली कथा परत मिळाली.

त्या ग्रंथाचे नाव ‘करकंडचरिउ’. अपभ्रंश भाषेतील हे काव्य दहा संधींचे असून त्याचे कर्ते मुनी कनकामर साधारणपणे अकराव्या शतकातील मानले जातात. संपादक होते डॉ. हिरालाल जैन. ते अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे व त्यांची शास्त्रभांडारे कारंज्यात होती. कापूस, धान्य आणि सावकारी यांच्या उलाढालीत गढलेल्या या गावाने कपाटांत आणि पेट्यांत शेकडो हस्तलिखिते जपून ठेवली होती. त्यांच्या शोधातून अपभ्रंश साहित्याचे एक दालनच उघडले. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ १९३१ साली कारंज्याहून निघाले. अंबादास चवरे यांच्या नावाने चालविलेल्या त्याच ग्रंथमालेत तीन वर्षांनी ‘करकंडचरिउ’ आले. प्रकाशक म्हणून गोपाळ अंबादास चवरे हे नाव त्या ग्रंथांवर आहे. ज्या भाषेचे वाचक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तिचे ग्रंथ छापण्यात नफ्याचा प्रश्नच नव्हता. कारंज्याने तो खर्च केला, म्हणून आज धाराशिवला जाणाऱ्या यात्रेकरूच्या हातात काही तरी असू शकते.

काव्यात तेरापूर म्हणून उल्लेखिलेले नगर म्हणजे आजचे तेर. धाराशिव जिल्ह्यातील हे गाव संत गोरोबाकाकांचे म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. त्याच्या कितीतरी आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने त्याचा ‘तगर’ म्हणून उल्लेख केला आहे. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असून तेथील जाडेभरडे व तलम कापड गाड्यांतून भडोच बंदरात येते, असे त्याने नोंदविले. पुढे शिलाहार राजे आपल्या बिरुदांत स्वतःला तगरपूरचे अधीश्वर म्हणवून घेत. राजधान्या दूर गेल्या, तरी मूळ गावाचा अभिमान सुटला नाही. पेठ नाहीशी झाली तरी पेठेचे नाव घराण्याला चिकटून राहते, हे व्यापारी कुटुंबांना नव्याने सांगावे लागत नाही.

लेणी तेरला नाहीत. ती धाराशिव शहरापासून काही किलोमीटरवर, बालाघाटच्या रांगेतील एका घळीत आहेत. पावसाळ्यानंतर गेले तर घळ हिरवी असते. उन्हाळ्यात मात्र उघडा कातळ तापलेला असतो आणि त्यात काळोखी तोंडे दिसतात. वेरूळला जाऊन आलेला मनुष्य येथे प्रथम निराश होतो. वेरूळचा दगड कठीण आणि एकजीव, म्हणून तेथील इंद्रसभेच्या खांबांवरील नक्षी अजून बोटाने चाचपता येते. धाराशिवचा खडक ठिसूळ. दर्शनी भाग कोसळले, खांब झिजले, तुटले, काही ठिकाणी नंतरच्या लोकांनी बांधकामाचे टेकू दिले. शिल्पाच्या लोभाने आलेला प्रवासी दहा मिनिटांत परत फिरतो.

जो आत जातो, त्याला मोठ्या लेण्याची भव्यता हळूहळू कळते. दालन सुमारे ऐंशी फूट लांबरुंद. बत्तीस खांब दोन चौकोनांत उभे केलेले. आतल्या चौकोनात बारा, बाहेरच्यात वीस. दोन्ही बाजूंस आठ-आठ खोल्या, मागील भिंतीत सहा, आणि मधोमध गर्भगृह. गर्भगृहात पद्मासनस्थ पार्श्वनाथ, मस्तकावर सात फणांचे छत्र. १८७० च्या दशकात जेम्स बर्जेस यांनी या लेण्यांचे मोजमाप करून ते आपल्या अहवालात छापले. शेजारचे लेणे याच आराखड्यावर, पण लहान आहे. खोल्यांत शिरून पाहिले की एक मनुष्य आडवा होईल एवढीच जागा. कोनाडा नाही, झरोका नाही. ज्यांनी परिग्रह सोडला त्यांना याहून अधिक काय लागणार?

या खोल्या मुळात कोणासाठी कोरल्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आराखडा अजिंठ्याच्या विहारांसारखा आहे. म्हणून मधुकर केशव ढवळीकर यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी ही लेणी आरंभी बौद्ध असून पुढे जैनांकडे आली, असे मत मांडले. येथे वाशीमकरांचा दुसरा धागा निघतो. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांची एक शाखा तेथून राज्य करीत होती. याच शाखेच्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याचे उत्कृष्ट विहार खोदले गेले. सोळावे लेणे तर त्याचा मंत्री वराहदेव याने करविले. म्हणजे धाराशिवच्या कारागिरांपुढे जो नमुना होता, त्याच्या मागे वाशीमच्या दरबाराचे बळ होते, असे मानण्यास जागा आहे.

लेणी मुळात आपलीच, असा हट्ट धरण्याचे कारण नाही. करकंडू हा राजाच मुळी कोण्या एका परंपरेचा नाही. श्वेतांबर आगमांतील उत्तराध्ययन सूत्र त्याला चार प्रत्येकबुद्धांत गणते, बौद्धांच्या जातककथांत तो प्रत्येकबुद्ध म्हणून येतो, आणि दिगंबर मुनी कनकामर त्याच्यावर संपूर्ण काव्य रचतात. ज्याची कथा तिघांनी सांगितली, त्याच्या लेण्यात दोन परंपरांचे साधू वेगवेगळ्या शतकांत राहिले असतील, तर त्यात विसंगत असे काही नाही.

आता कनकामरांनी सांगितलेला प्रसंग. दक्षिणदिग्विजयास निघालेला करकंड तेरापूरजवळ तळ देतो. तेथील राजा शिव त्याला भेटून डोंगरातील लेण्याची आणि वरच्या एका वारुळाची हकिकत सांगतो. एक हत्ती त्या वारुळाला रोज पाणी घालतो, कमळे वाहतो. मुका प्राणी पूजा करतो तेथे काही तरी असले पाहिजे, असे जाणून राजा वारूळ खणवितो. पार्श्वनाथांची प्रतिमा निघते, ती लेण्यात आणून स्थापन केली जाते. लेण्यातील जुन्या प्रतिमेकडे पाहताना राजाला सिंहासनावर दगडाची एक गाठ दिसते. त्या गाठीने शोभा बिघडली आहे, असे त्याला वाटते. एक वृद्ध शिल्पकार सांगतो की, लेणे कोरताना येथे पाण्याची शीर लागली होती, ती बंद करण्यासाठी ही गाठ ठेवलेली आहे. हिला हात लावू नये. राजाचे कुतूहल मात्र आवरत नाही. तो गाठ फोडण्याची आज्ञा देतो. टाकीचा घाव बसतो, पाण्याचा लोंढा उसळतो आणि पाहता पाहता सारे लेणे जलमय होते. राजा पश्चात्तापाने अन्नपाणी सोडून बसतो. तेव्हा एक दिव्य पुरुष प्रकट होऊन त्याचे सांत्वन करतो आणि नील व महानील या विद्याधर बंधूंपासूनचा लेण्याचा पूर्वेतिहास ऐकवितो. पुढे करकंड त्याच डोंगरात नवी लेणी खोदवितो.

कथा अद्भुत आहे. पण तिच्यातला वृद्ध शिल्पकार अद्भुत नाही. तो प्रत्येक गावात असतो. राजाही दुष्ट नाही. तो भक्त आहे, खर्चाला मागेपुढे पाहणारा नाही, आणि त्याला देवाचे सिंहासन सुंदर दिसावे एवढीच इच्छा आहे. ज्या हाताने त्याने वारुळातून प्रतिमा काढली, त्याच हाताने त्याने लेणे बुडविले. कवीने हा दोष शत्रूकडे दिलेला नाही, मूर्तिभंजकाकडे दिलेला नाही. श्रद्धावान दात्याकडे दिलेला आहे. नऊशे-हजार वर्षांपूर्वीच्या मुनीला श्रावकांच्या स्वभावाची ही बाजू ठाऊक होती.

जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ जीर्ण झालेल्याचा उद्धार. व्यवहारात मात्र जीर्णाला बाजूला सारून त्याच्या जागी नव्याची प्रतिष्ठा, असा त्याचा अर्थ होऊ लागला आहे. चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढतो. चुना श्वास घेतो, ओल बाहेर टाकतो. सिमेंट ती कोंडून धरते, आणि काही पावसाळ्यांत मागचा दगड पापुद्रे सोडू लागतो. लाकडी कोरीव खांबांना तैलरंग दिला जातो. कोरलेल्या पाकळ्या रंगाच्या थरांखाली बुजतात. फरशीवर चकचकीत दगड बसविताना जुन्या फरशीतील अक्षरे असलेला तुकडा रोडारोड्यात जातो. त्या अक्षरांत कदाचित दात्याच्याच पूर्वजाचे नाव असते. यांपैकी कोणतेही काम वाईट हेतूने होत नाही. बोली बोलली जाते, पावती फाटते, संगमरवरी पाटीवर नाव लागते. गाठ फुटली, हे कळेपर्यंत देणारा आणि करणारा दोघेही निघून गेलेले असतात.

डोंगरातला मठ पडतो तो केवळ खडक ठिसूळ म्हणून नव्हे. तो सांभाळण्याची व्यवस्था बंद पडली की दगडाचा ठिसूळपणा उघडा पडतो. ही व्यवस्था पूर्वी कशी होती, याचा एक चोख हिशेब नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील बौद्ध लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, कोरून ठेवलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथे लेणे दिले. पण केवळ लेणे देऊन तो थांबला नाही. त्याने ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. पैकी २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे, म्हणजे बरोबर २४०. दुसरीचे ९० इतर किरकोळ गरजांसाठी. मुद्दल परत करायचे नाही, व्याजच वापरायचे, अशी अट. आणि हे सारे नगरसभेत वाचून दाखवून दप्तरात नोंदविले, असेही लेखात सांगितले आहे. ठेव, व्याजाचा दर, विनियोग, साक्ष आणि नोंद! सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या या दस्तऐवजात आजच्या तपासनिसाला काढता येईल अशी त्रुटी सापडणे कठीण.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरी आहे. डोंगराच्या पायथ्याशी तेथे जैन व हिंदू मंदिरांचे अवशेष विखुरलेले आहेत. तेथील एका जैन मंदिरातील शके १०६३ च्या, म्हणजे इ. स. ११४१-४२ च्या शिलालेखात यादव महासामंत सेउणदेवाने चंद्रप्रभ स्वामींच्या मंदिरास नगरातील दुकाने दान दिल्याची नोंद आहे. त्याबरोबर वत्सराज नावाच्या धनिक व्यापाऱ्याने एक दुकान आणि घर दिल्याचेही नमूद आहे. राजानेही सोन्याचा कळस दिला नाही, दुकाने दिली. कळस एकदा चढतो. दुकानाचे भाडे दरमहा येते आणि त्यातून दिवाबत्ती चालते. व्यापाऱ्याने राजाच्या पावलावर पाऊल टाकले की राजाने व्यापाऱ्याचा सल्ला घेतला, हे शिलालेख सांगत नाही. पण कल्पना पेढीवरच्या माणसाची वाटते.

जैन साधूंच्या बाबतीत ही जबाबदारी अधिकच श्रावकांवर येते. साधू एका जागी राहत नाहीत. चातुर्मासाचे चार महिने सोडले तर त्यांचा विहार अखंड चालू असतो. मठ, वसती, लेणे ही त्यांची मालमत्ता कधीच नव्हती. वर्षाचे उरलेले आठ महिने त्या जागेची झाडलोट, गळती, पायवाट कोणी पाहावी? तेरची पेठ गजबजलेली होती तोवर धाराशिवच्या डोंगरात पाहणारा कोणी होता. पेठ बसली, व्यापाराचे मार्ग दुसरीकडे वळले, आणि घळीत पाऊस व वटवाघळे एवढेच उरले.

पाण्याची शीर लागलेले लेणे हा प्रकार केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अर्मेनिया हा कॉकेशस पर्वतातला छोटा ख्रिस्ती देश. तेथील व्यापारी एकेकाळी सुरतेत आणि मुंबईत पेढ्या थाटून होते. मुंबईच्या फोर्ट भागातील अर्मेनियन चर्च त्यांची खूण आहे. त्या देशातील गेघार्ड हा मठ डोंगराच्या कड्यात आहे. त्याचे जुने नाव आयरीवांक, म्हणजे गुहामठ. मुख्य चर्च १२१५ साली बांधलेले. त्याला लागून तेराव्या शतकातच कड्यात दालने कोरली. त्यांपैकी एका दालनात खडकातून झरा वाहतो. मठाच्याही आधीपासून तो पवित्र मानला जात असे. कोरणाऱ्यांनी तो बुजविला नाही, त्याच्याशी झगडलेही नाहीत. पाण्याला वाट ठेवून दालन कोरले. आजही तेथे येणारे लोक ते पाणी प्राशन करतात.

त्याच देशातील आणखी एक गोष्ट कारंज्याच्या भांडारांशी नाते सांगते. मुश प्रांतातील एका मठात प्रवचनांचे एक प्रचंड हस्तलिखित होते. चर्मपत्रावर लिहिलेले, १२०२ च्या सुमारास पूर्ण झालेले, सुमारे २८ किलो वजनाचे. लिहून होते न होते तोच ते लुटीत गेले. तेव्हा लोकांनी वर्गणी काढून ४,००० नाणी भरली आणि ते सोडवून मठात आणले. सात शतके ते तेथे राहिले. १९१५ च्या भीषण कत्तलीत मठ उद्ध्वस्त झाला. पळून जाणाऱ्या दोन स्त्रियांना ते सापडले. एकीला उचलवेना, म्हणून त्यांनी त्याचे दोन भाग केले आणि एकेक भाग घेऊन त्या निघाल्या. एक भाग अर्मेनियात सुखरूप पोहोचला. दुसरा वाटेत पुरून ठेवावा लागला, पण तोही पुढे मिळाला. आज दोन्ही भाग येरेवान येथील मातेनादरान या हस्तलिखितागारात एकत्र आहेत. मठाच्या भिंती वाचल्या नाहीत. ज्यांचे स्वतःचे घरदार गेले होते, त्यांनी सोने सोडून ग्रंथ उचलला, म्हणून त्या भिंतींच्या आत काय बोलले जात होते ते वाचले.

धाराशिव आणि कारंजा यांचे नाते याच जातीचे आहे. खडकाने टिकविले नाही ते ताडपत्राने आणि कागदाने टिकविले. परंतु कागदालाही वाळवी आहे, ओल आहे, आणि सर्वांत मोठी भीती म्हणजे बंद कुलूप. वर्षातून एकदा श्रुतपंचमीला वेष्टणे बदलून, दर्शन घेऊन, पुन्हा पेटीत ठेवलेला ग्रंथ सुरक्षित वाटतो. तो कोणी वाचत नसेल तर त्याची अवस्था घळीतल्या लेण्यासारखीच आहे. केंद्र सरकारने २००३ साली हस्तलिखितांच्या नोंदीसाठी आणि जतनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. अनेक भांडारांच्या विश्वस्तांनी तिचा लाभ घेतला, अनेकांनी संकोचाने दार लावून घेतले. छायाप्रत दिल्याने मूळ ग्रंथ जात नाही. उलट, आग किंवा पूर आला तर छायाप्रत हाच विमा.

हिरालालजींच्याच आयुष्यातील दुसरे उदाहरण घेण्यासारखे आहे. षट्खंडागमावरील धवला टीका त्यांनी संपादित करण्यास घेतली आणि तिचा पहिला खंड १९३९ साली अमरावतीहून निघाला. सोळा खंडांचे ते काम पूर्ण होण्यास सुमारे दोन दशके लागली. त्यासाठी विदिशेच्या एका श्रेष्ठींनी दिलेल्या निधीचे नाव होते ‘जैन साहित्योद्धारक फंड’. मंदिराच्या उद्धाराला देणगी देण्याची रीत सर्वांना माहीत होती. साहित्याच्या उद्धारालाही तोच शब्द आणि तीच थैली लागते, हे त्या दात्याने ओळखले. संगमरवरी पाट्या कोणी वाचत नाही. त्या खंडांच्या पहिल्या पानावरील नाव मात्र आजही अभ्यासकाच्या डोळ्यांखालून जाते.

वाशीम, रिसोड, मालेगाव, कारंजा येथील अनेक कुटुंबे दरवर्षी कुंथलगिरीला जातात. कुलभूषण-देशभूषण मुनींचे ते सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तेथेच सल्लेखना घेतली. कुंथलगिरी धाराशिव जिल्ह्यातच आहे, पण तेथे गेलेली बहुतेक वाहने दर्शन आटोपून घराकडे वळतात. त्याच यात्रेला एक दिवस जोडला तर तेर आणि धाराशिवची लेणी दोन्ही पाहता येतात. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय आहे; मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती पाहताना रोमन जगाशी चाललेला व्यापार मुलांना पाठ्यपुस्तकाविना समजतो. तेथून डोंगराकडे जावे. पाणी आणि विजेरी बरोबर असावी, पायांत घट्ट पादत्राणे असावीत; लेण्यात शिरताना ती बाहेर काढावीत. हे संरक्षित स्मारक आहे. तेथे तेल-दुधाचा अभिषेक, नारळ फोडणे, कुंकू-केशराचे ठसे, अगरबत्तीचा धूर यांपैकी काहीही करू नये. ठिसूळ खडकाला दुधाची आंबूस ओलही पुरेशी ठरते. णमोकार मंत्र म्हणण्यास कोणतेही साहित्य लागत नाही.

बरोबर ‘करकंडचरिउ’ न्यावे. भारतीय ज्ञानपीठाने १९६४ साली त्याची दुसरी आवृत्ती हिंदी अनुवादासह काढली; जुन्या ग्रंथालयांत ती आढळते. खांबांच्या सावलीत बसून घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीने वारुळाची, हत्तीची आणि गाठीची कथा मुलांना मोठ्याने सांगावी. हत्ती मुलांना आवडतो, पाण्याचा लोंढा त्याहून अधिक आवडतो. मग त्यांना विचारावे, की त्या वेळी राजाच्या जागी तुम्ही असता तर गाठ फोडली असती का? बहुतेक मुले प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतील. कुतूहल हा बालपणाचा धर्मच आहे. तेथेच त्यांना वृद्ध शिल्पकाराचे शब्द दुसऱ्यांदा ऐकवावेत.

आणि मुलांना सांगितलेले मोठ्यांनी गावी परतल्यावर विश्वस्तांच्या बैठकीत आठवावे. जुन्या मंदिराच्या कामाचा ठराव येईल तेव्हा कंत्राटदाराच्या दरपत्रकाआधी तीन प्रश्न विचारले जावेत. जे काढून टाकायचे आहे ते तेथे का ठेवले होते? त्याचे छायाचित्र व मोजमाप कोणी घेतले आहे काय? आणि देणगीचा काही हिस्सा कायम ठेव म्हणून बाजूला ठेवून त्याच्या व्याजातून दरवर्षीची गळती, झाडलोट आणि ग्रंथांची निगा चालेल, अशी तरतूद आहे काय? पहिला प्रश्न शिल्पकाराचा आहे, दुसरा बर्जेसचा, तिसरा उषवदाताचा. तिन्हींची उत्तरे कार्यवृत्तात लिहिली गेली की मगच टाकी उचलावी.

करकंडाने शेवटी जे केले तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. बुडालेले लेणे त्याने पुन्हा घडविण्याचा अट्टहास धरला नाही. नव्याची हौस त्याने नव्या खडकावर भागविली आणि जुने जसे होते तसे राहू दिले. दात्याला नवे काही उभारण्याची इच्छा असेल तर डोंगर मोठा आहे. जुन्या सिंहासनावरची गाठ मात्र तशीच राहू द्यावी. ती कोणी तरी विचार करून ठेवलेली आहे.